हिरवा घास
सर्वपित्रीची खीर उकळायला लागली की मला सासूबाईंची तांबडी गाय आठवते. पंच्याण्णवच्या सुमारास शहर वाढत वाढत आमच्या तळवलीत आलं, शेतं गेली आणि गावात गाय उरली ती आमचीच, म्हणून एका सर्वपित्रीला सोसायट्यांतूनही जो तो आपल्या पितरांचा गोग्रास घेऊन आमच्या दारात आला. खीर, भात, वडे. पितरांच्या घासाला नाही कसं म्हणायचं? दुपारपर्यंत गायीची डावी कूस टम्म फुगली. "अहो, चार कप्प्यांचं पोट तिचं, गवत मुरवायला केलेलं. आपल्यासारखी एकच पिशवी नाही. एवढा भात आत गेला की आंबतो," गुरांचे डॉक्टर सोड्याचं पाणी पाजत म्हणाले. सासूबाई तिच्या कुशीला कान लावून बसल्या त्या बसल्याच. दिवेलागणीला तिनं रवंथ सुरू केला तेव्हा कुठे त्या हलल्या आणि डोळे पुसत मला म्हणाल्या, "मी गेल्यावर माज्या नावानं गायीला गवतच घाल गो. खीर नको." गाय गेली, मग त्याही गेल्या. आता मी दर सर्वपित्रीला गवताची पेंढी घेऊन रबाळ्याच्या एका गोठ्यात जाते. खीर आम्ही खातो. सासूबाईंचा घास मात्र हिरवागार असतो.