मलाल-ए-फरस आणि त्यावरची दवा

घोडीच्या तोंडात माझा हात कोपरापर्यंत गेला होता आणि घोडी खुशाल जांभई देत होती. हिरड्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या. कान कोमट. जबड्याखालची नाडी, लेकीसुना नांदत्या असलेल्या सासूसारखी संथ. लीद पाहिली, तर अशी की तिच्यावरून जीव ओवाळून टाकावा.

"लिहा की मग," तहसीलदारांचे पेशकार, म्हणजे कारकून, गोविंदराव माझ्या कानाशी लागले. "घोडी बीमार. साहेबांना दौरा जमत न्हाई."

मी सालोतरी, म्हणजे जनावरांचा डॉक्टर. निजाम सरकारच्या नोकरीत मी बीडला होतो तेव्हा माझा दरारा असा, की माझं नाव निघालं तरी गेवराईचे बैल खोकायचे थांबत. कमीच सांगतोय. तहसीलदारानं घोड्यावरून गावोगाव दौरा करायचा, हा सरकारी रिवाज. घोडं आजारी पडलं तर दौरा माफ. पण त्याला सालोतऱ्याचा दाखला लागे. त्यासाठीच मला बोलावलं होतं.

साहेब ओसरीवर खुर्चीत होते. हैदराबादेहून बदलून आलेला तरुण माणूस. दाढी वाढलेली, शेरवानीच्या गुंड्या वरखाली. समोरच्या चहावर साय धरलेली. ती आजची की कालची ते सायीलाच ठाऊक.

गोविंदरावांनी मला भिंतीआड ओढलं. "जेवत न्हाईत, झोपत न्हाईत, कागदाला हात लावत न्हाईत. जिल्ह्याचे अव्वल तालुकदार तपासणीला यायलेत. त्यांनी हे बघितलं तर डोकं फिरलंय म्हणून घरी धाडतील. लई चांगला माणूस हाय हो. कावून असं झालं, कळंना."

मी सरळ जाऊन विचारलं, "साहेब, कुछ गम है क्या?"

"वजह होती तो मैंच दूर करता ना, सालोतरी साब," ते म्हणाले. "वजह नको पूछो. घोडी का दाखला देव, और जाव."

आता आली का पंचाईत! तालुकदार साहेब म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, आणि जुने रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले. डोळे मिटून नुसत्या टापेवरून घोड्याचं वय सांगत. खोटा दाखला दिला तर माझी नोकरी गेली. खरं लिहिलं तर हा माणूस गेला. आणि तहसीलदाराला तोंडावर "आजारी तुम्ही आहात" म्हणणारा माणूस तेव्हा साऱ्या निजामशाहीत जन्मला नव्हता. मीही तो नव्हतो.

मी मान हलवली, जिभेनं चुकचुक केली. "साहेब, बडा रोग है. मलाल-ए-फरस."

फरस म्हणजे घोडं. मलाल म्हणजे मनात साचलेला काळोख. नाव त्याच क्षणी माझ्या जिभेवर जन्मलं होतं, पण चेहरा असा केला की माझे आजोबाच या रोगानं गेले असावेत.

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "इलाज?"

"मालकाच्या हातचाच चालतो. मोतद्दारानं केला तर रोग दुप्पट होतो." कोपऱ्यातला मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा गडी, खुशीनं खाली बसला. "रोज कोवळ्या उन्हात तुम्ही स्वतः खरारा करायचा. स्वारी बंद. लगाम धरून पायी पाली गावाकडं न्यायचं, बिंदुसरा नदीत गुडघाभर पाण्यात उभं करायचं आणि गाणं म्हणायचं."

"गाना? मेरे कू गाना नहीं आता."

"घोडी को भी नहीं आता, साहेब. चलेगा."

खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा लोखंडी दात्यांचा ब्रश. पहिल्या सकाळी साहेबांनी तो दोनदा फिरवला आणि तिथंच भुईवर बसून राहिले. गोविंदराव कपाळाला हात लावायला निघाले. मी म्हटलं, "आजचा डोस झाला." घोडीनं मान खाली घालून साहेबांच्या टोपीचा वास घेतला. दुसऱ्या दिवशी मानेपर्यंत झालं. पुढं एका सकाळी पाठही झाली. अधूनमधून खाडा पडे, तेव्हा मी काही बोलत नसे. घोडी मात्र असं खिंकाळे की शिरूरपर्यंतची पाखरं उठत.

मग नदी. बिंदुसरेवर तेव्हा असं धुकं उतरे की पाण्यातली घोडी कोणती आणि तिची सावली कोणती ते कळत नसे. मी बाभळीखाली बसून पाहायचो. पांढऱ्या धुक्यात एक माणूस, एक घोडी, आणि त्यांच्या मधोमध अडखळत चाललेलं गाणं. सूर असा, की मासे दुसऱ्या काठाला जात. पण हळूहळू तेच मासे परत यायला लागले. एकदा तर पाणीच वाहायचं थांबून ऐकत होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बालाघाटाच्या डोंगरावर सीताफळं डोळे उघडत होती आणि साऱ्या खोऱ्याला त्यांचा वास सुटला होता. तिथं बसलं की आपण जागे आहोत का झोपेत, याची पर्वा राहत नसे.

पालीजवळ भिवबा धनगर मेंढरं चारायचा. त्यानं साहेबांना पायी येताना पाहिलं.

"राम राम सरकार! घोडी तुमाला फिरवायलीय का तुमी घोडीला?"

गोविंदराव दचकले. साहेब मात्र थांबले. विचार केला. "मालूम न्हाई," असं मोडक्या मराठीत म्हणाले.

"मग बसा घडीभर. तिला इचारू." भिवबानं सीताफळ फोडून अर्धं त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी ते खाल्लं. बिया लांब थुंकायच्या असतात हेही शिकून घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या पोटात स्वतःच्या हातानं काही गेलं होतं.

मग भिवबानं गोफण दिली, ज्वारीवरची पाखरं उडवायची दोरीची गोफण. साहेबांनी ती डोक्याभोवती गरगर फिरवली. धोंडा पुढं जायचा तो मागं गेला आणि गोविंदरावांचं पागोटं घेऊन थेट नदीत. गोविंदराव उघड्या डोक्यानं पागोट्यामागं, पागोटं गेवराईच्या वाटेला, आणि भिवबा ओरडतोय, "धरा पेशकार, गोदावरीला लागलं तर काशीलाच जाल!"

आणि साहेब हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग घोडीच्या गळ्यात पडून. मंडळी, आमची खजाना विहीर दुष्काळात उतरत नाही आणि पावसात चढत नाही. त्या हसण्यानं तिचं पाणी बोटभर वर आलं. पटत नसेल तर विहिरीला विचारा.

अव्वल तालुकदार आले ते नदीवरच. त्यांना बंगल्यात कोणी सापडलं नव्हतं. दाढी केलेले साहेब गुडघाभर पाण्यात गात होते.

"ये घोडी बीमार है?" तालुकदारांनी मला विचारलं. मिशी पांढरी, आवाज तोफेचा.

"होती, हुजूर. मलाल-ए-फरस."

ते पाण्यात उतरले. घोडीचे दात पाहिले, कान पाहिले. साहेबांनी गाणं अर्ध्यावर सोडून लगाम धरला. माझी नोकरी मला बिंदुसरेतून वाहत जाताना दिसली, पागोट्यामागोमाग. मग त्यांनी घोडीला सोडून साहेबांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अब कैसा है जानवर?"

"किसी किसी दिन मलाल लौट आता है, हुजूर," साहेब हळूच म्हणाले. "फिर खरारा लेके बैठ जाता हूँ."

 काठावर येऊन तालुकदारांनी मला बाजूला घेतलं, आणि तोफेतून बारीक कुजबूज निघाली.

"सालोतरी, मेरा घोडा भी बहोत दिनों से चुप है."

दुसऱ्या सकाळी धुक्यात दोन घोडी होती आणि दोन बेसूर गाणी. भिवबानं दोघांनाही सारखीच गोफण दिली, आणि गोविंदराव त्या दिवशी पागोटं घरी ठेवून आले.

पुढं जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांची घोडी पटापट आजारी पडू लागली. मी सगळ्यांना एकच दवा दिली. घोडी तर सगळी ठणठणीत होती. तेव्हापासून कोणी जनावर दाखवायला आणलं की मी आधी दोर धरणाऱ्याला विचारतो, "जेवलास का रे बाबा?"

जनावराचं मग बघतो.