धाकट्या बेटावरची विहीर

मामंजी, म्हणजे माझे सासरे, ऐन उमेदीची अकरा वर्षं दोन बेटांवर, कधी या तर कधी त्या, दिवा लावत होते. किनाऱ्यापासून बोटीने चार दिवसांची वाट. तिथे गाव नाही, घर नाही, कुणी कायमचं राहिलं असंही नाही. तरी दोन देश ‘आमचं, आमचं’ म्हणत त्यांच्यावरून भांडत होते. दिवा विझून मात्र चालणार नव्हतं, जहाजं खडकावर आपटली असती. म्हणून ठरलं होतं, तीन महिने आपला माणूस, तीन महिने त्यांचा. एकाची बोट सकाळी गेली की दिवेलागणीच्या आत दुसऱ्याची यायची. गाठ अशी कधी पडायचीच नाही.

आता मामंजींना एक्याऐंशी पूर्ण झाली. दुपारी मी शेंगा सोलायला बसले की ते स्टूल ओढून शेजारी बसतात आणि बेटं सुरू होतात. दोन्ही बेटांना दोन्ही देशांनी आपापली नावं दिलेली. मामंजी नुसतं थोरलं आणि धाकटं म्हणतात. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, "झालं! आल्या माझ्या सवती."

मी ऐकून घेते आणि संध्याकाळची प्रार्थना आटोपली की वहीत उतरवते.

थोरलं सपाट, कमरेएवढ्या झुडपांचं, सावली औषधालाही नाही. पक्षी मात्र इतके, की "तीन महिन्यांत माझा मलाच खोकला ऐकू आला नाही." धाकट्यावर सात माड आणि शांतता. तिथली वाळू एका जागी ठरायची नाही. वारा फिरला की या अंगाची त्या अंगाला. "सकाळी उठून बघावं तर किनारा बिऱ्हाड हलवून गेलेला!" साबण बाहेर राहिला की खेकडे पळवत. सांगता सांगता मामंजींची नजर खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या भिंतीवर जाते. रंग उडून पोपडे आलेली भिंत ती, पण ते बघतात तेव्हा तिथे हिरवं-निळं उथळ पाणी हलत असावं असं वाटतं. माझ्याही हातातली शेंग मग हातातच राहते.

"पण खरा फरक माणसाचा हो, सूनबाई," ते म्हणतात. थोरल्यावर त्यांच्याकडचा जो यायचा, तो जाताना सगळ्याला कुलूप ठोकून जायचा. काडेपेटीलासुद्धा. धाकट्यावरचा निराळा. तो दिव्याची काच लख्ख पुसून, वात कापून, काडेपेटी कोरड्या डब्यात ठेवून जायचा. एकदा मामंजींची तुटकी चप्पल तिथे राहून गेली. पुढच्या खेपेला बघतात तर शिवून दिव्याच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी मांडून ठेवलेली. मग तेही त्याच्यासाठी गळ, दोरा, मीठ ठेवू लागले. चिठ्ठी लिहून उपयोग नव्हता, भाषा वेगळी. आणि पाचव्या खेपेला गेले तर माडांच्या मधोमध विहीर! पुरुषभर खोल, आतून प्रवाळाचे दगड रचलेली, खुंटीवर दांडा लावलेली करवंटी. तोवर पाणी इथून पिंपांत न्यावं लागे.

गेल्या महिन्यात नकाशा खात्याचे एक साहेब घरी आले. दोन देशांची बोलणी चालली आहेत, बेटं वाटून घ्यायची आहेत, म्हणाले. तिथे कुणी राहत नव्हतं, म्हणून तिथे कुणी काय केलं यावरून हक्क ठरणार. दिव्याच्या जुन्या नोंदवहीत मामंजींच्या अक्षरात ‘विहिरीचं पाणी चांगलं’ एवढीच ओळ सापडली होती. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे केला. ‘ही विहीर मी स्वतः खणली.’ खाली सही करायची. केली, की नव्या नकाशात धाकट्याला मामंजींचं नाव लागणार.

ह्यांना तर आकाश ठेंगणं झालं. "बाबा, नकाशात नाव! शाळेत पोरं पाठ करतील तुम्हाला."

खोटं कशाला लिहू, मीही त्या संध्याकाळी देवापुढे बसून म्हटलं, सहीच्या वेळी त्यांचा हात थरथरू देऊ नकोस. मागणं बरोबर की चूक, हे मनाला विचारलंच नाही मी.

साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली होती. त्या आठ दुपारी स्टूल कोपऱ्यातच राहिलं. "रुसल्या वाटतं सवती," सासूबाई म्हणाल्या, पण त्यात नेहमीची गंमत नव्हती.

नवव्या दिवशी साहेब हजर.

"आजोबा, इथे करा."

"विहीर मी नाही खणली."

"पन्नास वर्षं होऊन गेली. नीट आठवत नसेल."

"खणली असती तर माझी पाठ विसरली नसती, साहेब."

हे मध्ये पडले. "बाबा, त्या माणसाचं तुम्ही तोंडसुद्धा पाहिलेलं नाही!"

"म्हणून त्याची विहीर ढापू होय रे?"

साहेब चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "मग धाकटं बहुतेक त्यांच्याकडे जाईल, आजोबा. एकदा लिहिलंत की परत फिरवता येणार नाही."

मामंजींनी पेन मागितलं. त्यांनी टाइप केलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली सावकाश लिहिलं, ‘विहीर त्यांच्या माणसाने खणली. मी पाणी प्यायलो.’ मग सही. हात जराही हलला नाही.

साहेब कागदाची घडी घालून गेले. हे चपला अडकवून, दार आपटून बाहेर पडले. मामंजी होते तिथेच बसून राहिले. काहीतरी आपल्या हाताने सोडून दिल्यावर माणूस बसतो तसे.

इतक्यात सासूबाई येऊन शेजारी बसल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बेटांबद्दल त्यांनी एक प्रश्न म्हणून विचारला नव्हता.

"कसं होतं हो, त्या विहिरीचं पाणी?"

"मचूळ. पहिले चार दिवस तोंड वाकडं व्हायचं. मग अशी सवय झाली, की परत आल्यावर घरचं पाणी बेचव लागायचं."

"अगं बाई!" सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तरीच तुम्ही आल्या आल्या पेला तसाच ठेवायचात. दर खेपेला. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे."

"एवढी वर्षं वाटत होतं?"

"नाहीतर काय."

मामंजी खुर्ची सासूबाईंकडे वळवून, बोट पहिल्यांदा थोरल्याला लागली तिथपासून त्यांना सांगायला लागले. मी शेंगा उचलल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.