खंडेनवमीला बंद केलेला कंप्युटर

खंडेनवमीला फौंड्रीच्या ऑफिसातला मोठा कंप्युटर मी बंद केला. चालू यंत्राची पूजा आमच्याकडं कुणी करत नाही. लेथ बंद, ड्रिल बंद, भट्टी तर आदल्या दिवसापासूनच गार. मी तिथं झाडलोटीला आहे. तीन दिवस तेलकट यंत्रं पुसून बोटं सोलवटली होती. ऑफिसात आले तर तो काळा डबा एकटाच घुं घुं करत होता. मी बटण दाबून धरलं. तो गप्प झाला तेव्हा हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला.

माझी लेक त्याच फौंड्रीत साच्यांची ड्रॉइंग काढते. तिला सातवा महिना. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळं ती घरी लॅपटॉपवर याच कंप्युटरची स्क्रीन उघडून काम करते. मालकांनी तेवढी सवलत दिली होती, पण एक जरी ड्रॉइंग चुकलं तर दुसरं माणूस बघणार, असंही बजावलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत एक ड्रॉइंग पाठवायचं होतं.

नारळ फुटले, पेढे वाटले, माणसं घरी गेली. तेवढ्यात तिचा फोन आला.

"आये, स्क्रीन उघडंना झालीया. मशीन बंद पडलंय काय बघ की."

मी बटण दाबलं. "लाईट गेलती बहुतेक," मी म्हणाले.

मशीन सुरू झालं तरी तिच्याकडं काही उघडेना. मग तिनं समजावलं. मशीन बंद होऊन सुरू झालं की स्क्रीनसाठी नवी किल्ली तयार होते आणि एका फाईलमध्ये जाऊन बसते. लेकीच्या लॅपटॉपमधल्या फाईलीत अजून जुनीच होती. ती काढून नवी घालायला हवी. हे काम बघणारे साहेब आजऱ्याला गावी गेलेले, त्यांचा फोन लागत नव्हता.

"आता तूच वाचून सांग. बत्तीस अक्षरं हाईत. आकडे, आणि ए पासनं एफ पर्यंत. दुसरं काय न्हाय. आणि दार लावून घे. ज्याला ही किल्ली कळंल, त्याला माझी स्क्रीन उघडता येत्या."

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी लेकीच्याच पाटीवर बघून शिकले, ती बालवाडीत होती तेव्हा. ती सांगेल ते एकेक बटण शोधून दाबायलाच अर्धा तास गेला. मग एक लांबलचक ओळ आली. मी वाचली, तिनं तिकडं मोजली.

"एकतीसच झाली. एक गिळलंस."

डोळे चुरचुरत होते, कंबर धरली होती. खिडकीतून वॉचमन डोकावला. "मावशी, पाढं म्हणायला लागला व्हय?" मी मान खाली घातली. लेकीला ऐकू गेलं असावं. "त्यांस्नी चा करून आणा म्हणावं," ती म्हणाली. माझ्यानं ते बोलवलं नाही. मी खिडकीही लावून घेतली.

दुसऱ्यांदा स्क्रीनच्या काचेवर बोट ठेवून वाचलं. बोटाला कुंकू होतं, प्रत्येक अक्षराखाली लाल डाग उठत गेला. शेवटच्या अक्षराला तिनं "बत्तीस" म्हटलं. मग बराच वेळ तिकडून नुसती बटणांची टकटक येत राहिली.

आणि माझ्यासमोरच्या स्क्रीनवरचा बाण आपोआप हलला. मी कशालाच हात लावला नव्हता. साच्याचं ड्रॉइंग उघडलं, रेघा पुढं सरकायला लागल्या. मी तिथंच फरशीवर बसले.

"मीच बंद केलतं," मी म्हणाले. "पूजेसाठी."

"कळलं मला तवाच. लाईट गेली असती तर मशीन ऑफिसातल्या बॅटरीवर चाललं असतं की."

"हार काढू?"

"ऱ्हाऊ दे. फकस्त बटणाला हात लावू नगंस."

ड्रॉइंग पाचच्या आत गेलं. तोवर मी ओल्या फडक्यानं काचेवरचं कुंकू पुसत होते, आणि तिचा बाण फडक्याखालून ये-जा करत होता.