हक्क सोडलेलं नाव

रशीदाबी गिरणीत आली ती फोडलेलं पिठाचं पाकीट हातात घेऊन. बिबवेवाडीत तिचं भाकऱ्यांचं काम. आसपासच्या मेसना दोन्ही वेळच्या भाकऱ्या तिच्याकडून जायच्या. पाकीट गल्ल्यावर ठेवून ती म्हणाली, "उत्तरेश्वरभाऊ, तुमच्या अम्माचं नाव बघून पोरानं दुकानातून उचलून आणलं. थापायला घेतलं तर भाकरी हातातच फाटती. जुनं, विरी गेलेलं पीठ. अम्माला असलं कसं खपलं?"

उत्तरेश्वरनं पाकीट उलटंपालटं करून बघितलं. वर ठसठशीत अक्षरात 'मुक्ताई ज्वारी पीठ'. रंगसुद्धा त्याच्याच पाकिटासारखा पिवळा. खाली पत्ता मात्र विश्रांतवाडीचा.

"हे माझं न्हाई, भाभी."

"नाव तर तुमचंच आहे."

"नावबी आता माझं न्हाई," तो म्हणाला. पुढं समजावून सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं आपल्या पोत्यातलं ताजं पीठ तिला मोजून दिलं आणि ते पाकीट गल्ल्याखाली सारलं.

दाराशी चवाळं टाकून त्याची आई जोंधळा पाखडत बसली होती. तीच मुक्ताबाई. म्हातारीला ऐकू कमी यायचं, पण ते तिच्या सोयीनं. आत्ता तिनं मान वर केली नाही.

उत्तरेश्वर मूळचा कळंबकडचा. पुण्याला नव्या कंपन्या येतायत, हाताला काम हाय, असं ऐकून नव्वदनंतर जी पोरं गाव सोडून निघाली त्यातला एक. भोसरीला ठेकेदाराच्या हाताखाली लोखंड घासलं. ठेकेदार बदलला तशी जुनी माणसं घरी बसवली. मग बिबवेवाडीत कुणाची तरी बंद पडलेली पिठाची गिरण भाड्यानं घेतली आणि गावाकडनं आईला आणलं. सुरुवातीला बायका डबे घेऊन यायच्या, नंबर लावायच्या, दळण होईस्तोवर आपापल्या सुनांची उणीदुणी काढायच्या. पुढं हिंजवडीला आयटी पार्क झालं. त्या सुना कॉम्प्युटरवर बसायला लागल्या, घरं दिवसभर कुलपात गेली. ज्वारी आणायची, निवडायची, डबा भरून गिरणीत न्यायची, ही सवड राहिली कुणाला? डबे हळूहळू थांबले. गिऱ्हाइकाला आता तयार पाकीट पाहिजे होतं.

म्हणून त्यानं पाकिटं काढली. छापखान्यातल्या माणसानं नाव विचारलं, तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून आईचं सांगितलं. तसं ते खोटंही नव्हतं. दळायच्या आधी दाणा न् दाणा तिच्या हाताखालून जायचा. खडा निघाला की ती अख्खं पोतं माघारी पाठवायची आणि वर व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. कोथरूडच्या सोसायट्यांत पीठ चाललं. पाकिटावर आपलं नाव आहे हे मुक्ताबाईला ठाऊक होतं. वाचता येत नसलं तरी कधीमधी पाकीट हातात धरून ती त्या अक्षरांवरनं अंगठा फिरवायची.

असं सुरळीत चाललं असताना दोन हजार सतरा साली जीएसटी आला. उत्तरेश्वरचा कागदोपत्री कारभार नम्रता केळकर नावाची करसल्लागार बघायची. कोथरूडच्या तिच्या ऑफिसात तिनं त्याला समोर बसवून सांगितलं, "काका, सुट्या पिठाला कर नाही. ब्रँडच्या पाकिटाला पाच टक्के. नाव तुमचं म्हणालात तर कर. हक्क सोडलात तर नाही."

"नाव माझ्या आईचं हाय."

"सरकारचा आईशी संबंध नाही. तुम्ही हक्क सांगताय का सोडताय, तेवढं बोला."

"सोडला म्हंजे काय?"

"म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी तेच नाव लावलं, तर तुम्ही त्याच्याशी भांडायचं नाही."

उत्तरेश्वरला हसू आलं. जोंधळा पाखडणाऱ्या म्हातारीचं नाव कोण कशाला लावील? बाजारात तेव्हा तीच लाट होती. डाळवाले, तांदूळवाले, धंद्यात मुरलेली माणसं पाच टक्के वाचवायला आपापली नावं मोकाट सोडत होती. यानंही स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. कायद्यानं मागितलं तसं दर पाकिटावर इंग्रजीत आणि मराठीत छापून घेतलं की, या नावावरचा हक्क आम्ही स्वेच्छेनं सोडला आहे. आईला सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं नव्हे. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नाही.

पाच वर्षं गेली. दोन हजार बावीसच्या जुलैत नियम फिरला. ब्रँड असो नसो, पंचवीस किलोपर्यंतचं बांधून लेबल लावलेलं पाकीट म्हटलं की पाच टक्के आलेच. हक्क सोडला का धरला, हे कुणी विचारेनासं झालं.

"मंग मी सोडला तो परत मिळंल का?" त्यानं नम्रताला फोनवर विचारलं होतं.

"काका, पाच वर्षं तुम्ही स्वतः पाकिटावर छापून जगाला सांगितलंत. आता म्हणणार, ते मनावर घेऊ नका? वकील करून बघा हवं तर. वर्षं जातील. मी तरी सुचवणार नाही."

तेव्हा त्यानं ते तिथंच सोडलं होतं. रशीदाबी पाकीट घेऊन आली तेव्हा कळलं की सोडलेलं नाव कुणीतरी उचललंय.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून तो विश्रांतवाडीला गेला. पत्त्यावर दुकान सापडलं आणि दुकानात रंगनाथ सापडला. माणूस ओळखीचा निघाला. एके काळी उत्तरेश्वरचीच पाकिटं ठेवून विकणारा. आता मागच्या खोलीत स्वतःची चक्की बसवली होती.

"या मालक," रंगनाथ म्हणाला. "चहा सांगतो."

"चहा नको. पाकिटावरचं नाव काढ तेवढं."

"मुक्ताई? आळंदीच्या रस्त्यावर दुकान आहे मालक माझं. इथं दर चौथी पाटी मुक्ताई, नाहीतर माउली. संतांच्या नावाला कोण कुणाला अडवणार?"

"संतांचं न्हाई ते. माझ्या आईचं हाय. बिबवेवाडीत बसलीया जोंधळा पाखडत."

"असतील की. त्यांना नमस्कार सांगा." रंगनाथनं गल्ल्यावरची धूळ फडक्यानं पुसली. "पण तुमचा माल इथं होता तेव्हा मी पाकीट मागूनपुढून वाचायचो. तुम्हीच लिहिलं होतंत, हक्क सोडलाय म्हणून. मी म्हटलं, मालक उदार माणूस."

उत्तरेश्वरला चिडायचं होतं. येताना चार कडक वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण या माणसानं ना चोरी केली होती, ना तो खोटं बोलत होता.

"नाव ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "जोंधळा तरी बरा घे. पीठ ताजं ठेव. लोक तिच्या नावानं बोलत्यात."

"बरा जोंधळा परवडतो कुणाला? माझी उलाढाल चाळीस लाखांच्या आतली. मला कर नाही. तुमची वरची, तुम्हाला आहे. गिऱ्हाईक दोन पाकिटं शेजारी शेजारी बघतं. नाव एक, रंग एक. स्वस्त ते पिशवीत टाकतं. मी तुमच्यासारखा माल घातला तर माझंही पाकीट तुमच्यासारखं फळीवरच राहील."

तेवढ्यात चहा आला. नको म्हटलेला चहा उत्तरेश्वरनं घेतला. दुसरं करण्यासारखं तिथं काही नव्हतं.

तो परत आला तेव्हा गिरण बंद होती आणि मुक्ताबाई दाराशीच होती.

"कुटं गेलतास?"

"विश्रांतवाडीला."

"माजं नाव आनाया?"

तो उंबऱ्यावर टेकला. रशीदाबी पुन्हा येऊन गेली असणार, नाहीतर म्हातारीनं कालच सगळं ऐकलं असणार.

"इकलंस व्हय रं?"

"इकलं न्हाई. सोडलं."

"कशापायी?"

"कर लागू ने म्हनून."

"मंग?"

"लागला."

म्हातारीनं सुपातला कोंडा फुंकला. तो उडून उत्तरेश्वरच्या पँटीवर बसला. "इकलं असतंस तर चार पैसं तरी हातात पडलं असतं," ती म्हणाली. वर म्हणाली, "मला इचारायचं व्हतं."

"तुला काय कळलं असतं त्यातलं?"

"तुला तरी काय कळलं?"

तो पँटीवरचा कोंडा झटकायला लागला.

"त्येच्या पिठावर माजं नाव, तुज्या पिठावरबी माजंच," ती म्हणाली. "खानाऱ्यानं वळकायचं कसं? त्यो काढीना, तर तू काढ. त्येच्या पंगतीला बसाया मला लावू नगंस."

नाव काढणं म्हणजे काय, हे उत्तरेश्वरला कळत होतं. बिननावी पाकिटालाही कर तेवढाच. पाकीट ठेवून कर भरावा, तर नवं नाव रुजवायला पुन्हा दहा वर्षं पाहिजेत आणि अंगात तेवढा दम उरला नव्हता. हिशेब करत तो आठवडाभर टाळाटाळ करत राहिला. मग त्यानं पाकिटंच बंद केली. गिऱ्हाइकासमोर सुटं मोजून दिलं की कर नाही. मेसवाल्यांना तीस किलोचं पोतं दिलं की तेही पंचवीसच्या वरचं म्हणून सुटतं. रशीदाबी पोतं न्यायला लागली. तिच्या ओळखीनं आणखी दोघं लागले. पाकिटं भरायला यायची त्या इंदुबाईला दुसरीकडं काम बघायला सांगितलं. छापलेल्या पिशव्यांचा गठ्ठा रद्दीवाल्यानंसुद्धा घेतला नाही. दिवसाकाठी गिरण आता निम्माच वेळ चालायची.

दिवाळी झाल्यावर कोथरूडहून उत्कर्षाचा फोन आला. आयटीत काम करणारी पोरगी. सोसायटीतल्या सगळ्यांची मागणी गोळा करून कळवायची.

"काका, मुक्ताईची वीस पॅकेट्स पाठवाल? अर्जंट नाहीये."

"पाकिटं बंद केली, ताई. सुटं हाय. डबा आना, समोर दळून देतो."

"सुटं कोण घेणार काका? नाव असलं की कसं, भरवसा असतो." ती म्हणाली. "पण इकडे दुकानात मुक्ताई दिसतं अजून."

"दिसत आसंल. ते आमचं न्हाई."

"नाव तेच ना पण?"

"तेच."

"मग झालं की. मी तिथूनच घेते. थँक यू काका."

फोन बंद झाला. मुक्ताबाईनं सूप मांडीवर ठेवलं.

"कोन व्हतं?"

"कोथरूडची. तुजं पीठ पायजे म्हनली."

"मंग?"

"मिळालं तिला."

"खडा लागला तर शिव्या मला बसतील," मुक्ताबाई म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

उत्तरेश्वर उठला. रशीदाबीचं पोतं दळायचं होतं. त्यानं जोंधळा वर ओतला आणि बटण दाबलं. गिरणीच्या आवाजात म्हातारी आणखी काहीतरी बोलली. त्याला ऐकू आलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.