दादासाठी स्पीकर निवडताना

माझ्या थोरल्या भावाला झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली. तीही धड सगळी गेली नाही. ‘बरं का’ एवढे दोनच शब्द त्याच्या तोंडात राहिले. भूक लागली की ‘बरं का’, राग आला की ‘बरं का’, मला दारात पाहून रडू फुटलं तेव्हाही ‘बरं का’. चिखलीच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवलेला, पानाच्या ठेल्यावर उभा राहिला तर तासभर न हलणारा गप्पिष्ट माणूस. त्याला सगळं कळत होतं, ते डोळ्यांत दिसायचं. शब्द तेवढे येत नव्हते.

मी वरवट बकालला शेती करतो. दादा-वहिनींना मूलबाळ नाही, म्हणून त्याला दवाखान्यातून घरी आणल्यावर मी कपाशी सालदाराच्या हवाली केली आणि चिखलीला राहायला गेलो. अकोल्याला त्याच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “यांना गाण्यांची आवड आहे का?”

वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. “आवड? मॅडम, माह्या घरात भांड्यायपेक्षा रेकॉर्डी जास्त हायेत.”

“मग रोज लावा. ओळखीची गाणी. बोलायचे शब्द अडले तरी कधीकधी गाण्यातले शब्द बाहेर येतात. येतीलच असं नाही सांगत, पण लावा.”

रेकॉर्डी होत्या, वाजवायला मात्र काही नव्हतं. दादा दवाखान्यात असतानाच वादळात गल्लीतली तार तुटली होती आणि घराघरात भलत्याच दाबाची वीज शिरली होती. वहिनींचा फ्रिज गेला, पंखे गेले, आणि दादानं हौसेनं एकेक भाग जमवून उभी केलेली सगळी सिस्टीम जळाली. मेकॅनिकनं उघडून पाहिलं, आतला काळा ढीग दाखवला आणि झाकण परत लावलं. मी मोबाइलवर गाणी लावून पाहिली. दादा डाव्या हातानं मोबाइल उचलायचा आणि गादीवर पालथा घालायचा.

“भाऊजी, तुमीच आणा आता नवी,” वहिनी म्हणाल्या. “मले तं त्यातलं काईच समजत नाई.”

“मले तरी कुठं समजते, वहिनी?”

खरंच समजत नव्हतं. ट्रॅक्टरवर जे वाजतं तेवढंच माझं गाणं. या विषयातलं घरात कोणाला विचारायचं, तर तो माणूस समोर खाटेवर बसलेला होता आणि त्याला विचारता येत नव्हतं. मान हलवून तरी सांगेल म्हणावं, तर मॅडमनी बजावलं होतं की यांचं हो आणि नाही उलटसुलट होतं, मानेवर जाऊ नका. ते खरंच होतं. “दादा, चहा पाह्यजे?” म्हटलं की मान आडवी हलायची, आणि कप पुढे केला की घटाघट प्यायचा.

चिखलीत मी तीन-चार दुकानं फिरलो. रंगीत दिवे लागणारे, माणसाच्या उंचीचे स्पीकर सगळीकडे होते. एका दुकानदारानं विचारलं, “रेकॉर्ड म्हंजे सातबाऱ्याचं रेकॉर्ड का?” शेवटी एकानं रेकॉर्डी वाजवायचं यंत्र बाहेरून मागवून दिलं. छोट्या सूटकेसएवढं, झाकण उघडायचं, तबकडी ठेवायची, स्पीकर त्यातच. मला फार आनंद झाला. हे सोपं होतं, आणि दिसायलाही गोजिरं होतं.

घरी आणून टेबलावर ठेवलं. कपाटातली एक रेकॉर्ड काढली आणि सुई टेकवली. आवाज आला. वहिनी हातातलं काम सोडून बाहेर आल्या. दादा मात्र खाटेवरून काठीशिवायच उठला, लंगडत, भिंत धरत टेबलाशी आला आणि त्यानं सुईचा दांडा उचलून बाजूला केला. रेकॉर्ड काढली. ती छातीशी धरून मोठ्यानं ओरडला, “बरं का! बरं का!” त्याच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि डोळ्यांतून पाणी.

“काऊन चिडला दादा? गाणं नाई आवडलं का? दुसरं लावू?”

मी दुसरी रेकॉर्ड काढायला गेलो तर त्यानं माझं मनगट असं आवळलं की वळ उठला. वहिनी पदरानं त्याचं तोंड पुसत रडायला लागल्या. मी ते यंत्र तसंच उचललं आणि दुकानात परत देऊन आलो. असल्या यंत्राची सुई जड असते, तबकडीवर फार दाब देते आणि ती लवकर झिजवते, हे मला पुढे अकोल्याला कळलं. त्या दिवशी मात्र एवढंच कळलं, की भावासाठी चांगलं करायला गेलो आणि त्याला रडवलं.

मग ठरवलं, त्यालाच घेऊन जायचं. पोळा झाल्यावर गाडी ठरवली आणि आम्ही तिघं अकोल्याला गेलो. मॅडमकडे दाखवून झाल्यावर एका दुकानात गेलो. जुन्या आवडीचे लोक तिथं येतात, असं कोणीतरी सांगितलं होतं. मालक साधारण माझ्या वयाचा. त्यानं दादाला खुर्ची दिली, आणि मग एखाद्या बहिऱ्याशी बोलावं तसा त्याच्या कानाशी ओरडला, “काका, कोणते दाखवू?”

“त्याले ऐकू येते,” मी म्हणालो. “बोलता येत नाई फक्त.”

माणूस वरमला. मग मात्र त्यानं नीट दाखवलं. टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, कोणतं घ्यायचं यात अडचण आली नाही. दुकानात कामाची दोनच होती आणि त्यातल्या एकावर दादाचा डावा हात जाऊन बसला तो निघेना. अॅम्प्लिफायर मालकानंच सुचवला. गाडं अडलं स्पीकरवर. एक जोडी लाकडी, बुटकी. दुसरी उंच. मालकानं एकच गाणं आधी एकीवर, मग दुसरीवर लावलं. दादानं डोळे मिटले. त्याच्या कपाळावर बारीक आठी पडली, वर्गात मुलांची चित्रं तपासताना पडायची तशी. मी आणि वहिनी त्याच्या तोंडाकडे पाहत बसलो.

“दादा, हे का ते?”

“बरं का.”

“बुटके घ्याचे?”

मान हलली. हो.

“उंच घ्याचे?”

मान तशीच हलली.

त्यानं टेबलावरचं पेन डाव्या हातात धरलं. मालकानं पटकन कागद पुढे केला. दादा लिहीत नव्हता, काढत होता. एक रेघ ओढली, ती थरथरत खाली गेली. दुसरी ओढली, ती पहिलीला छेदून कुठल्या कुठे. काय काढायचं होतं त्याला? खोली होती का? स्पीकर कुठं ठेवायचे ते होतं का? ज्यानं खडूच्या एका फटक्यात फळ्यावर धावता बैल काढलेला मी पाहिला आहे, त्याच्या त्या रेघांकडे मला बघवेना. त्यानं पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागला.

“तुमी सांगा, भाऊजी,” वहिनी हळूच म्हणाल्या.

मी बुटके घेतले. का घेतले, तर घरच्या मांडणीवर बसतील म्हणून. एवढंच कारण.

घरी आल्यावर दुकानाच्या मालकाला फोन केला आणि तो सांगेल तसं जोडलं. लाल तारा, काळ्या तारा, कुठली कुठं. जोडता जोडता घामेजून गेलो. मग वहिनींनी त्यांची नेहमीची रेकॉर्ड काढली, लग्न झाल्यावर दादा रोज संध्याकाळी लावायचा ती. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्याला खोलीत आणखी एक आवाज आला. घोगरा, सुटा सुटा. दादा गात होता. ‘बरं का’ नव्हे, गाण्यातले शब्द, एकामागून एक, जवळजवळ सगळे.

गाणं संपताच मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. “दादा, आता बोल. माह्याशी बोल. काईबी बोल.”

त्यानं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. “बरं का,” तो म्हणाला, आणि आपलेच शब्द ऐकून त्यानं डोळे मिटून घेतले.

फोनवर मॅडम म्हणाल्या, असंच असतं. गाण्यातले शब्द गाण्यातच राहतात कधीकधी. चालू ठेवा.

चालू ठेवलं. पण दुसऱ्या दिवसापासून नवीनच सुरू झालं. गाणं लागलं की दादा डावा हात उजवीकडच्या स्पीकरकडे करायचा. पुन्हा पुन्हा. मी स्पीकर पुढे ओढला, मागे ढकलला, खाली विटा दिल्या, दोन्ही स्पीकरांच्या जागा बदलल्या. हात खाली येईना. “काय चुकलं रे?” मी विचारायचो. कधी तो ओरडायचा, कधी नुसता थकून पाहायचा. मला कानांत काही वेगळं ऐकूच येत नव्हतं. कपाशीची वेचणी तोंडावर आली तेव्हा मी तसाच गावाकडे परतलो.

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. त्या भाजी आणायला गेल्या असताना दादानं उजवीकडच्या स्पीकरमागच्या लाल-काळ्या तारा उपसल्या होत्या. त्या आल्या तेव्हा तो जमिनीवर बसलेला, आणि तारा परत खोवलेल्या. “शॉक लागला असता तं? मी लय बोलली त्याह्यले,” त्या म्हणाल्या. “पण आता हात नाई दाखवत.”

दिवाळीत गेलो तेव्हा मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसून ऐकलं. मला आवाज तसाच वाटला, पहिल्यासारखा. दादाचा डावा हात मांडीवरच होता. मला शोधूनही सापडलं नाही ते त्याला सापडलं होतं, की आम्हाला सांगून सांगून तो थकला होता? विचारलं असतं तर मान हलली असती, आणि त्या मानेचा अर्थ मला लागला नसता. म्हणून विचारलं नाही.

रेकॉर्डची एक बाजू संपली. दादाला बसल्या बसल्या डुलकी लागली होती. तबकडी फिरत राहिली, सुई शेवटच्या रेघेत खरखर करत राहिली. उचलताना ओरखडा पडेल म्हणून मला हात लावायचा धीर होईना. मी वहिनींना हाक मारली. त्या कणकेचे हात पुसत आल्या आणि त्यांनी दांडा अलगद उचलून ठेवला.