पाटीवरचं वाक्य आणि तेलाचा डाग

नाना मास्तर गेल्याचं पत्र मला देवळालीच्या शाळेत मिळालं. तास चालू होता. फळ्यावरचं वाक्य पुरं केलं, मुलांना सोडलं आणि मग बसलो… त्याला आता महिना झाला.

माझे वडील कॅम्पात गोऱ्या शिपायांचे बूट शिवत. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. हे मान वर करून सांगतो, आणि त्यात मास्तरांचा वाटा किती तेही सांगतो. नाशकात मंदिरप्रवेशावरून रण माजलं होतं, त्या दिवसांत मी मॅट्रिकचा अभ्यास वाचनालयाच्या ओट्यावर बसून करी. मला आत घ्यावं का, यावर वाचनालय चालवणाऱ्या मास्तरांनी रविवारची सभा लावली. त्यांच्या सभेचा नियम एकच: आधी समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं मांडायचं, मगच खोडायचं.

मास्तर म्हणाले, "वर्षभर हा पुस्तकं नेतोय. एका पानाला डाग नाही. आत बसला तरी काही बिघडणार नाही." विरोधात बापूसाहेब वकील. त्यांनी एक पुस्तक उघडून धरलं. पानावर तेलाचा डाग! "काय रे, कुणाचं काम हे?"

"माझंच. दिवा कलंडला."

सभा खदखदली. मास्तर शांत. "माझं विगमन मोडलं. उदाहरणं गोळा करून काढलेला नियम एका अपवादाने पडतो. आता निगमन घ्या, म्हणजे आधी नियम, मग त्यावरून माणूस." त्यांनी दारावरची पाटी दाखवली: वाचता येणाऱ्या प्रत्येकास खुले. "याला वाचता येतं. खोडा, बापूसाहेब. पण आधी माझं म्हणणं मांडा."

बापूसाहेबांनी उपरणं सावरलं. "पाटी म्हणते, वाचता येणारा प्रत्येक. ह्याला वाचता येतं. म्हणून…"

"पुरं करा, वकीलसाहेब."

"म्हणून ह्याला आत घेणं भाग आहे."

"बापूसाहेब, वकीलपत्र नक्की कुणाचं घेतलंत?" मागून कुणीतरी ओरडलं. बापूसाहेबही हसले. खोडायला ते उभे राहिलेच नाहीत. मी उंबरा ओलांडला तेव्हा तिघं उठून गेले. त्यांचंही म्हणणं मास्तरांनी नंतर मला नीट समजावलं… मला तेव्हा त्याचा फार राग आला होता.

परवा मास्तरांच्या घरी गेलो आणि जुन्या सवयीने ओट्यावरच थांबलो. "बाहेर काय उभा? आत ये," काकू म्हणाल्या. त्यांनी ते डागाळलेलं पुस्तक हातात ठेवलं. वाचनालयाला नवी प्रत देऊन मास्तरांनी हे स्वतःकडे ठेवलं होतं. डागाशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'अपवाद एक. विचारताच कबूल केला.' आणि खाली, 'पोराच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा हाच. सभेत मांडायचा राहिला.'