रात्रपाळीवाल्याची डार्करूम

आमचे हे तेव्हा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी विभागात होते. रात्रपाळी करून आले की दुपारपर्यंत झोपायचे, आणि झोपेत त्यांना उजेडाची तिरीपही खपायची नाही. म्हणून बेडरूमच्या खिडकीला त्यांनी आतून प्लायवूड ठोकलं होतं, फटींत कापूस कोंबला होता आणि दाराखाली सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची गुंडाळी लावली होती. अख्ख्या पनवेलमध्ये इतकी काळोखी खोली दुसरी नसेल.

मला फोटोचं वेड कॉलेजपासून. डिजिटल कॅमेरे आले तसा गावातल्या एका स्टुडिओवाल्याने त्याचा एन्लार्जर काढून टाकायला ठेवला. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र. दिसायला शिलाई मशीन आणि टेबललॅम्पचं लग्न लावल्यासारखं. "घेऊन जा ताई, नाहीतर भंगारात जाईल," तो म्हणाला. मी ते मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आणलं. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि शेवटी विचारलंच, "मिक्सर हाय का?"

आता यंत्र होतं, अंधारही होता. अडचण एवढीच की अंधारात नवरा झोपलेला होता.

"तुम्ही झोपा की. मी आवाज करणार नाही," मी म्हटलं.

"आणि उजेड?"

"फक्त लाल. ब्लॅक अँड व्हाइट फोटोच्या कागदाला लाल उजेड कळत नाही."

"मला कळतो."

"मग पालथे झोपा."

एका सकाळी ते पालथे झोपले. मी ड्रेसिंग टेबलवर एन्लार्जर मांडला आणि पलंगाशेजारी जमिनीवर तीन ट्रे ओळीने ठेवले. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात व्हिनेगरचं पाणी, तिसऱ्यात फोटो पक्का करणारा हायपो. हायपोचा वास नाकात झोंबतो. देवघरातला लाल झीरोचा बल्ब काढून इकडे लावला. पहिला फोटो सासूबाईंचा होता, गॅलरीत बसून वाल सोलताना. कागदावर उजेड किती वेळ पाडायचा ते मोजायला घड्याळ नव्हतं, म्हणून मी तोंडाने मोजत होते. मग कागद डेव्हलपरमध्ये सोडला. आधी पातेलं उमटलं, मग चष्मा. मला राहवलं नाही. "आल्या, आल्या!" मी ओरडलेच. घाईघाईने कागद व्हिनेगरमध्ये टाकला.

हे ताडकन उठून बसले. लाल दिवा, झोंबणारा वास, बायको ओरडतेय.

"आत किती जण आहेत?"

"तुम्ही आणि मी," मी खरं ते सांगितलं.

"आणि आई?"

मी ट्रेकडे पाहिलं. "आई अजून हायपोत जायच्यात."

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. दार सताड उघडलं, स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांच्या सासूबाईंना ओढत बाहेर काढलं आणि बनियन-हाफपँटवर जिना उतरत प्रत्येक दार बडवत सुटले, "गॅस! ओला रुमाल नाकाला लावा! धावू नका!" स्वतः मात्र धावत होते. तळोज्याकडचा वारा सुटला की वास सगळ्यांच्याच ओळखीचा, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. वरच्या मजल्यावरचे काका अर्ध्या गालाला साबण लावलेले तसेच उतरले. गेटापाशी मासळीवाली मावशी टोपली घेऊन बसली होती. यांनी तिलाही उठवायला घेतलं.

"उठा मावशी, वास येत नाही का?"

"ह्यो वास? माजं बोंबील हायत रं, गॅस नाय!"

इकडे मी आधी फोटो हायपोत टाकून वाचवला. कागदांचं पाकीट उघडं होतं, दारातून आलेल्या उजेडाने ते सगळे बाद झाले. मग चपातीच्या चिमट्यात ओला फोटो धरून खाली आले. हे माणसं मोजत होते.

"वास आपल्या बेडरूममधून येतोय," मी हळूच सांगितलं.

सगळी बिल्डिंग यांच्याकडे बघायला लागली, आणि हे आपल्या हाफपँटीकडे. मला वाटलं, आता संसार संपला. पण सासूबाईंनी फोटो हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "वाल चांगले आलेत." मग फोटो हातोहात फिरला. काकांनी साबणाच्या गालाने विचारलं, "आमचा काढाल का?"

यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी नवं पाकीट स्वतःच आणून दिलं, वर अट घातली की मी फोटो धुताना घरात कुणाचंही नाव घ्यायचं नाही.

त्या हिवाळ्यात मी अर्ध्या बिल्डिंगीचे फोटो छापले. मावशीने मात्र तिचा परत केला. "माजं सोनं काळं दिसतंय," म्हणाली. वाळले की फोटो कडांना वळायचे, तेव्हा सासूबाई वर फडकं टाकून त्यांना इस्त्री करायच्या. काकांच्या फोटोवर त्यांनी बराच वेळ इस्त्री फिरवली. कपाळावरच्या आठ्या जातील, असं त्यांना वाटत होतं.